बिडाची जाळी आणि अडकलेली हवा

"या वर्षीच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा," असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी हसलोच. इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गड, तलवारी आणि बखरी उभ्या राहतात. मी पडलो आयुष्यभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. पण संपादक चिवट. म्हणाले, "तुम्ही ती जुनी लोखंडी कुंपणे रंगवायचात ना, त्यांचाच इतिहास लिहा." मग विचार केला, हरकत नाही. त्या कुंपणांनी मला दोन धडे दिले आहेत. त्यातला एक महागात पडला आणि दुसरा त्याहून महागात पडता पडता राहिला. तेच आज तुम्हाला सांगतो.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ग्रेट ओशन रोड दाखवतो, पेंग्विन दाखवतो. माझी आई १९९९ साली पहिल्यांदा मेलबर्नला आली तेव्हा मी तिला कार्लटन आणि फिट्झरॉयच्या गल्ल्यांतून पायी फिरवले होते. तिथल्या जुन्या दुमजली घरांच्या व्हरांड्यांना लोखंडाची नाजूक नक्षीदार झालर असते. इथले लोक तिला 'आयर्न लेस' म्हणतात. आई एका घरापुढे थांबली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "आरं, ही तर बिडाची जाळी!" मी चाट पडलो. ज्याला मी रोज 'कास्ट आयर्न' म्हणत होतो त्याला आपल्याकडे बीड म्हणतात हे मी विसरूनच गेलो होतो. बिडाचा तवा, बिडाची कढई, तेच हे बीड. आमचे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका ओतशाळेत मोल्डर होते, त्यामुळे आईला बीड ओळखायला वेळ लागला नाही.

ही बिडाची जाळी मेलबर्नला आली कुठून? १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले आणि जगभरातून माणसे इथे लोटली. हातात पैसा आला, घरे उठू लागली. सुरुवातीला ही नक्षी ब्रिटनमधून तयार होऊन यायची. ग्लासगोच्या वॉल्टर मॅक्फार्लेनच्या सॅरसेन फाउंड्रीसारखे कारखाने जाडजूड कॅटलॉग छापत. त्यातून नमुना निवडायचा, की कठडे, खांब, कमानी सुटे भाग करून बोटीने घरपोच. साम्राज्यभर हा व्यापार चाले. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल आठवते का? त्याचा बिडाचा सांगाडाही १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतून मुंबईत आणून उभा केला होता. पुढे मेलबर्नमध्येच ओतशाळा निघाल्या. त्यांनी इंग्रजी द्राक्षवेली आणि फुलांबरोबर इथली नेच्याची पाने, लायरबर्ड, काकाकुवा असे नमुनेही साच्यात उतरवले. १८८० च्या दशकात तर जमिनीच्या भावांना आणि घरबांधणीला नुसते उधाण आले. १८८५ मध्ये जॉर्ज ऑगस्टस साला नावाच्या इंग्रज पत्रकाराने या शहराला 'मार्व्हलस मेलबर्न' म्हटले आणि ते नाव शहराला चिकटले. पण १८९० च्या दशकात बँका कोसळल्या आणि बांधकामे थंडावली.

पुढच्या पिढ्यांना ही नक्षी जुनाट वाटू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अनेकांनी व्हरांडे पाडून ही जाळी भंगारात घातली. तेव्हा ती वाचावी म्हणून ज्यांनी जीव टाकला त्यांत एक डॉक्टर होते, एडवर्ड ग्रॅम रॉबर्टसन (१९०३-१९७५). मेलबर्नचे नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांनी कॅमेरा घेऊन गल्लीबोळांतून या जाळीचे फोटो काढले आणि त्यांची पुस्तके केली. 'व्हिक्टोरियन हेरिटेज' १९६० मध्ये, 'सिडनी लेस' १९६२ मध्ये, 'ऑर्नामेंटल कास्ट आयर्न इन मेलबर्न' १९६७ मध्ये. मुलगी जोन हिच्याबरोबर केलेले जगभरच्या बिडाच्या नक्षीवरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये निघाले.

या डॉक्टरांची एक गंमत मला फार आवडते. सीटी स्कॅन येण्यापूर्वी मेंदूतल्या पोकळ्या क्ष-किरणात दिसाव्यात म्हणून मणक्यातून आत हवा सोडत. रॉबर्टसन त्या तपासणीतले अधिकारी पुरुष; त्यावर त्यांनी १९४१ पासून ग्रंथ लिहिले. म्हणजे दिवसा न दिसणाऱ्या पोकळीत हवा सोडून ती पाहायची, आणि सुटीच्या दिवशी बिडाचे फोटो काढायचे! त्यांना ठाऊक असो वा नसो, बिडाच्या पोटातही अशाच न दिसणाऱ्या पोकळ्या असतात आणि त्यांतही हवा असते. आमच्या धंद्याचे सारे दुखणे तिथेच आहे.

बीड ओतताना काय होते ते वडिलांनी मला लहानपणीच दाखवले होते. ओल्या वाळूचा साचा करायचा, त्यात तारेने बारीक भोके पाडायची, आणि मग वितळलेला रस ओतायचा. मी विचारले, "भोके कशाला?" ते म्हणाले, "वाफ जायला वाट नको का? वाट दिली न्हाई तर ती मालातच घर करती." वाळूतले पाणी, साच्यातली हवा, रसात विरघळलेले वायू, सगळ्यांना बाहेर पडायचे असते. पण रस थिजायला लागला की दार बंद. मग आत राहतात ते ब्लोहोल, आणि त्याहून बारीक, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली; त्यांच्या नांगरांपासून आजच्या शिरोली एमआयडीसीतल्या इंजिनाच्या सुट्या भागांपर्यंत आमच्या भागातल्या प्रत्येक ओतकाऱ्याची या अडकलेल्या हवेशी लढाई चालू आहे.

मी १९९८ साली इथे आलो आणि शहराच्या आग्नेयेकडच्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात लागलो. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण नेहमी वापरतो तो रंग पातळ असतो; त्यातले द्रावक उडून गेले की रंग उरतो. पावडर कोटिंगमध्ये द्रावक नसतेच. राळ, रंगद्रव्य आणि कडक करणारे रसायन यांची पिठासारखी भुकटी असते. एर्विन गेमर या जर्मन संशोधकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तापलेली वस्तू हवेने खदखदणाऱ्या भुकटीत बुडवून काढायची युक्ती शोधली. १९६० च्या दशकात भुकटीला विजेचा भार देऊन पिचकारीने उडवायची पद्धत आली. भुकटी जमिनीला जोडलेल्या धातूला लोहचुंबकासारखी चिकटते. मग वस्तू भट्टीत, साधारण १८० ते २०० अंशांवर. भुकटी आधी वितळते, मधासारखी पसरते, आणि मग घट्ट होऊन कायमची पक्की होते. थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. आपल्या घरांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, गेट, अंगणातल्या खुर्च्या, बहुतेकांवर हाच लेप असतो.

आता माझी चूक सांगतो. २००२ साली समुद्राजवळच्या एका उपनगरातून जुन्या घराचे कुंपण आले. सव्वाशे वर्षांपूर्वीचे बीड, नेच्याच्या पानांची सुंदर नक्षी, आणि त्यावर रंगाचे इतके थर की पानांच्या शिरा दिसत नव्हत्या. आमच्याकडे रंग काढायला कॉस्टिकची टाकी होती. त्यात कुंपण बुडवले, धुतले, वाळवले, पावडर मारली, भट्टीत घातले. बाहेर आले तेव्हा लांबून झकास दिसत होते. जवळ गेलो तर सगळ्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके आणि मध्येच फुटलेले फोड. देवीचे व्रण असावेत तसे.

घाई होती. गिऱ्हाईक दोन दिवसांत येणार होते. मीच म्हणालो, "वरून आणखी एक हात मारू, झाकले जाईल." झाकले गेलेही, बरेचसे. उरलेली भोके कुणाला दिसणार नाहीत म्हणून आम्ही माल पाठवून दिला. दीड वर्षाने तेच कुंपण ट्रकमधून परत आले. खारे वारे त्या टाचणीएवढ्या भोकांतून आत गेले होते, आणि प्रत्येक भोकातून गंजाचा तांबडा ओघळ खाली आला होता. पांढऱ्या रंगावर तो रक्तासारखा दिसत होता. घरमालकीण वयस्कर बाई होत्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "हे माझ्या आजोबांनी बसवले होते." मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

आमचा फोरमन म्हातारा इटालियन होता. तो रागावला, पण त्याने काम शिकवले. म्हणाला, "तू लोखंड रंगवत नव्हतास, स्पंज रंगवत होतास." हिशोब त्याने असा समजावला. छिद्रातली हवा २५ अंशांवरून २०० अंशांवर गेली की फुगून दीडपटीहून जास्त होते. त्या मानाने पाणी कितीतरी वाईट. थेंबभर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. आम्ही तर कॉस्टिकच्या टाकीत बुडवून ते सगळे पाणी आणि क्षार छिद्रांत भरून ठेवले होते. जुने तेल, मेण, रंगाचे अवशेष हेही तापले की वायू सोडतात. हा वायू नेमका कधी बाहेर येतो? पावडर वितळून मऊ झालेली असताना. तेव्हा आला आणि लेप पातळ असला तर बुडबुडा फुटतो आणि खड्डा पुन्हा भरून येतो. पण लेप घट्ट व्हायला लागल्यावर आला तर फुटलेली जागा तशीच राहते. बीड जाड असते, सावकाश तापते. वरचा लेप पक्का होत असतो आणि आतले लोखंड अजून तापतच असते, म्हणजे आतून वायू येतच असतो. म्हणून जाड भागावर भोके जास्त. आणि म्हणूनच वरून दुसरा हात मारून उपयोग नाही. पुन्हा भट्टीत गेले की तीच छिद्रे पुन्हा श्वास सोडतात.

त्या रात्री आईशी फोनवर बोलताना मी ही रडकथा सांगितली. आई म्हणाली, "आरं, नवा बिडाचा तवा कुणी लगेच त्याल लावून चुलीवर घालतं व्हय? आधी नुसता तापीव, चांगला तापीव. त्यातलं सगळं भाईर पडू दे. पूस. मग त्याल लाव, पातळ हात. ही गोष्ट तुला हितं शिकून जायला नगं हुती का?" इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन मी परदेशी आलो होतो आणि उत्तर आमच्या चुलीपाशी पडले होते.

पुढच्या वेळी आम्ही तेच केले. आधी रंग कॉस्टिकने न काढता वाळूसारख्या कोरड्या कणांच्या माऱ्याने काढायचा ठरवला, म्हणजे छिद्रांत पाणी जायलाच नको. मग पावडर लावण्याआधी नुसते बीड भट्टीत घालायचे आणि पावडर पक्की होते त्यापेक्षा वीस-तीस अंश जास्त तापवायचे. पावडर २०० अंशांची असेल तर बीड २२० ते २३० पर्यंत. इथे एक मेख आहे. भट्टीच्या काट्यावर हवेचे तापमान दिसते, लोखंडाचे नाही. म्हणून सर्वांत जाड भागाला तापमापकाची तार लावायची आणि तो भाग तापल्यावर मग वेळ मोजायला सुरुवात करायची. जे काय बाहेर यायचे ते लेप नसताना येऊ दे. तापवताना आणि गार करतानाही सावकाशीने, कारण बीड ठिसूळ. एकीकडे तापले आणि दुसरीकडे गार राहिले तर तडकते. गार होत आले की कोमट असतानाच, हवेतला दमटपणा पुन्हा शिरायच्या आत, पावडर मारायची, आणि तीही जाड नाही. आधी जस्तयुक्त इपॉक्सीचा हात, मग वरचा रंग.

पावडरही वेगळी मिळते. अशा कामाच्या पावडरीत बेंझॉइन नावाचा पदार्थ थोडासा घातलेला असतो. तो वितळलेल्या लेपातल्या बुडबुड्यांना सहज बाहेर पडू देतो. जास्त झाला तर पांढरा रंग पिवळट पडतो, म्हणून बेताने. या नावाच्या मुळाशी गेलो तर अरबी 'लुबान जावी' सापडते, म्हणजे जावाचा धूप, आपण घरात जाळतो तो ऊद. पावडरीतला पदार्थ कारखान्यात बनतो, त्यात ऊद नसतो. पण नाव मात्र उदाचे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ऊद फिरवायचे, हवा शुद्ध व्हावी म्हणून. इथे तो लेपातली हवा घालवतो!

शेवटी ओल्या स्पंजची परीक्षा. कमी दाबाच्या विजेला जोडलेला ओला स्पंज रंगावरून फिरवायचा. कुठे टाचणीएवढे भोक असेल तर पाणी धातूपर्यंत पोहोचते आणि यंत्र ओरडते. डोळा फसतो, स्पंज फसत नाही.

एकदा असेच नुसते बीड तापवत असताना कठड्याच्या खांबातून एक काळा, चिकट थेंब ओघळला आणि मेणाचा वास सुटला. पुसून पाहिले तर खाली करंगळीएवढे भोक. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा ओतकाऱ्याने आपला ब्लोहोल मेणाची लांबी भरून लपवला होता. ही युक्ती त्या काळी सर्रास चाले. मधमाश्यांचे मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाला इंग्रजीत 'बोमाँट एग' म्हणत. गार झाले की अगदी लोखंडासारखे दिसे. स्कॉटलंडमध्ये २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरचा पूल आगगाडीसकट कोसळला. एकही प्रवासी वाचला नाही. चौकशीत निघाले की पुलाच्या बिडाच्या खांबांतले ब्लोहोल याच मेणाने बुजवले होते. पूल पडायचे कारण ते एकटे नव्हते. वाऱ्याच्या जोराचा विचार पुरेसा झाला नव्हता, जोडही कच्चे होते. पण आतली पोकळी वरून झाकली की ती नाहीशी होत नाही, नुसती दिसेनाशी होते, हे साऱ्या जगाला कळले. मला मात्र माझा तो 'आणखी एक हात' आठवला.

आता दुसरा धडा, आणि हा कुंपणापेक्षा मोठा आहे. त्या जुन्या जाळीवरचे थर कसले होते? शिशाच्या रंगाचे. पांढऱ्या शिशाचा रंग टिकाऊ आणि झाकणारा, म्हणून शंभर वर्षे जगभर तोच वापरला. त्या रंगातून मुलांना होणारी विषबाधा पहिल्यांदा ओळखली ती ऑस्ट्रेलियातच, आणि व्हरांड्याच्या कठड्यांवरूनच. ब्रिस्बेनमध्ये मुलांना पोटदुखी, हातापायांची शक्ती जाणे, दृष्टी जाणे असे आजार होत होते. १८९२ मध्ये डॉ. ए. जेफरिस टर्नर यांनी ही शिशाची विषबाधा आहे असे मांडले. पण शिसे येते कुठून ते सापडेना. १९०४ मध्ये डॉ. जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञांनी कठड्यांकडे बोट दाखवले. क्वीन्सलंडच्या उन्हाने रंगाची भुकटी होते, मुले कठडा धरून खेळतात, हाताला पांढरे लागते आणि तोच हात तोंडात जातो. पुष्कळांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. तरी १९२२ मध्ये क्वीन्सलंडने मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरायला कायद्याने बंदी केली. अमेरिकेने घरगुती रंगात अशी बंदी केली १९७८ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी.

हा इतिहास मला तेव्हा ठाऊक नव्हता. कोरड्या माऱ्याने रंग काढला की त्या शिशाच्या रंगाची बारीक धूळ होते. आमच्याकडे मास्क होते, पण उन्हाळ्यात कोण घालतो! मी त्याच कपड्यांनी घरी यायचो. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. दारात गाडी वाजली की ती धावत येऊन पायांना मिठी मारायची. एक दिवस माझी बायको वैतागून म्हणाली, "अहो, सारखे डोके दुखते म्हणता, एकदा रक्त तरी तपासा." तपासले, तर माझ्या रक्तात शिसे हवे त्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाले. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "घरात लहान मूल आहे का?" मुलीच्या तपासणीचा निकाल यायला जे चार दिवस लागले ते मी कसे काढले ते माझे मला माहीत. तिचे प्रमाण कमी निघाले. देवाची कृपा. आजी अंगारा लावायची तसा मी रोज तिला विष लावत होतो, तेही प्रेमाने.

त्यानंतर कारखान्यात बंदिस्त खोली, बाहेरून ताजी हवा देणारे शिरस्त्राण, तिथेच अंघोळ आणि तिथेच कपडे धुणे सुरू झाले. ते पहिल्यापासून हवे होते. आम्ही आमच्या घाईने त्याच्यावरही एक हात मारला होता.

आता आपल्या मंडळातल्या तरुण कुटुंबांसाठी थोडे कामाचे. तुमच्यापैकी बरेच जण जुनी घरे घेऊन वीकएण्डला स्वतः दुरुस्त करतात. १९७० पूर्वीचे घर असेल तर जुन्या रंगात शिसे आहे असेच धरून चाला. कोरडे घासू नका, हीट गनने जाळू नका; आधी तपासून घ्या, आणि मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवा. घर वारसा यादीत असेल तर जाळीला हात लावण्यापूर्वी काउन्सिलला विचारा.

आज नवी जाळी बहुधा ॲल्युमिनियमची ओततात. हलकी, गंजत नाही. पण हवेचा त्रास तिलाही आहेच. वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन पिऊन घेते, आणि थिजताना त्यातला फक्त विसावा भाग धरून ठेवू शकते. बाकीचा आत छिद्रे करून बसतो. तेव्हा ओतीव ॲल्युमिनियमलाही आधी नुसते तापवणे आले. जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड गेटचीही हीच तऱ्हा. आम्लाने धुताना लोखंडात शिरलेला हायड्रोजन आणि जस्ताच्या थरांत अडकलेली हवा भट्टीत बाहेर येतात. असे गेट करून घ्यायचे असेल तर मुलामा देणाऱ्याला आधीच सांगा की यावर पावडर मारायची आहे, म्हणजे तो शेवटी क्रोमेटचे पाणी देणार नाही. आणि पोकळ नळ्यांना भोके ठेवायला सांगा. ही भोके केवळ रंगासाठी नाहीत. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी सुमारे ४५० अंशांच्या जस्तात बुडवली तर आतल्या हवेने आणि वाफेने तिचा स्फोट होतो आणि माणसे मरतात. पावडरवाल्याला मात्र एकच प्रश्न विचारा: "लेप लावण्यापूर्वी माल तापवणार का, आणि किती?" तो नीट उत्तर देईल तर काम द्या. "काळजी नको, दोन हात मारू," म्हणाला तर दुसरीकडे जा. हे मी अनुभवाने सांगतो.

त्या वयस्कर बाईंचे कुंपण आम्ही २००४ साली पैसे न घेता पुन्हा केले. सहा आठवडे लागले. बसवून झाल्यावर त्यांनी चहा दिला आणि नेच्याच्या पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "याच्या शिरा मी लहानपणी पाहिल्या होत्या, त्यानंतर आजच." बाई आता नाहीत. घर दुसऱ्यांनी घेतले आहे. मी निवृत्त झालो, फोरमनही गेला, आईही २०१६ मध्ये गेली. तिचा बिडाचा तवा मी कोल्हापूरहून हातातल्या बॅगेत घालून आणला. विमानतळावरच्या सुरक्षावाल्याने तो तीनदा मशीनमधून फिरवला.

गेल्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो म्हणून गाडी थांबवून कुंपण पाहिले. उन्हाने रंगाची चमक थोडी उतरली आहे, तेवढे चालायचेच. गंज कुठे दिसला नाही. एक लहान मुलगा कठड्याला धरून उभा होता आणि पानाच्या टोकाला जीभ लावून पाहत होता. त्याची आई त्याला रागावत होती. मी काही बोललो नाही, पण मला बरे वाटले.